मधे कोण बसलंय?



हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरलेल्या माणसांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी मी 'प्रॉक्सी' हा विषय कळवला, तेव्हा संयोजकांना जरा धाकधूक वाटली असणार. विषय कॉम्प्युटरवाल्यांचा, आणि उमरीत माणसं ऐकायला येतात ती बँकेची गोष्ट. तर मीही बँकेचीच गोष्ट सांगणार आहे. एक सोडून दोन सांगतो.

पहिली तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. ३० जानेवारी १९४८. स्टेट काँग्रेसच्या कॅम्पातल्या माणसांनी इथल्या हैदराबाद स्टेट बँकेवर छापा घातला, लाखोंची रक्कम उचलली आणि ती निजामाच्या हद्दीपलीकडे नेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला, हे इथं आजही अभिमानानं सांगितलं जातं. मला आज त्यातली एकच बाजू हवी आहे. बँक फोडायची तर बँकेपर्यंत जावं लागत होतं. माणसं लागत, हत्यारं लागत, परतीची वाट आधी हेरून ठेवावी लागे.

दुसरी बँक पुण्यातली, १९०६ साली स्थापन झालेली कॉसमॉस सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून या बँकेच्या बनावट कार्डांवर सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या एटीएममधूनही अडीच कोटी गेले, त्यात आपल्या कोल्हापूरची यंत्रंही होती. सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख बँकांच्या परदेशी व्यवहारांच्या स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. बँकेच्या दाराला कुणी हात लावला नव्हता. आणि गंमत अशी, गंमत हा शब्द बरा नाही पण दुसरा सुचत नाही, की एकाही खातेदाराच्या खात्यातून रुपया कमी झाला नाही.

असं कसं झालं, ते समजलं तर आजचा अर्धा विषय समजला. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता तेव्हा ते यंत्र नेटवर्कमार्फत तुमच्या बँकेला विचारतं, या गृहस्थांना दहा हजार देऊ का? बँकेच्या दारात हा प्रश्न घेणारी एक यंत्रणा असते, तिला स्विच म्हणतात. स्विच आतल्या मुख्य प्रणालीला शिल्लक विचारतो आणि 'द्या' किंवा 'देऊ नका' असं उत्तर बाहेर पाठवतो. चोरट्यांनी मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, घुसवून या स्विचच्या जागी स्वतःचा एक बनावट प्रॉक्सी स्विच उभा केला. त्यांच्या कार्डांचे प्रश्न आतल्या प्रणालीपर्यंत पोचलेच नाहीत. प्रत्येक प्रश्नाला मधल्यानंच उत्तर दिलं, 'द्या'. मुख्य प्रणालीला काही कळलं नाही, कारण तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं.

प्रॉक्सी म्हणजे एवढंच: विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्या मधे बसलेला तिसरा. तो चोर असतो असं मुळीच नाही. बहुतेक वेळा तो कामाचा असतो. पण त्याला काय काय करता येतं, हे कॉसमॉसच्या शनिवारी दिसलं. तो बघू शकतो, अडवू शकतो, बदलू शकतो आणि तुमच्या वतीनं बोलू शकतो. 'सुरक्षित ब्राउझिंगसाठी प्रॉक्सी वापरा' असा सल्ला तुम्ही कुठं ना कुठं वाचला असेल. तो अर्धवट सल्ला आहे. प्रॉक्सी वापरला की विश्वास ठेवायची गरज संपत नाही. फक्त तो विश्वास एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवला जातो.

आपल्या मोंढ्यात कापूस आणि सोयाबीन विकणारा शेतकरी आणि घेणारा व्यापारी यांच्यात अडत्या असतो. व्यापाऱ्याला माल कुठल्या गावचा, कुणाचा, हे बघायची गरज पडत नाही, त्याला अडत्याचं दुकान दिसतं. पण अडत्याला सगळं दिसतं. कुणाचा किती माल आला, कुणाला उचल दिली, कुणाच्या घरी लग्न निघालंय. इंटरनेटवर तुम्ही प्रॉक्सीमार्फत एखादं संकेतस्थळ उघडता तेव्हा असंच घडतं. समोरच्या संकेतस्थळाला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या जोडणीचा क्रमांक, सहसा दिसत नाही. प्रॉक्सीचा दिसतो. तुमचा पत्ता मात्र प्रॉक्सीच्या वहीत पडतो, वेळेसकट.

हे साधन सुरुवातीला लपवाछपवीसाठी निघालं नव्हतं. १९९४ मध्ये जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत वेबची पहिली जागतिक परिषद भरली. तिथं आरी लुओटोनेन आणि केविन अल्टिस यांनी वेब प्रॉक्सीवर निबंध सादर केला. प्रश्न व्यवहारी होता. मोठ्या संस्था आपलं जाळं भिंतीआड ठेवत, मग आतल्या माणसानं बाहेरचं पान बघायचं कसं? भिंतीत एक खिडकी ठेवायची आणि खिडकीवर एक माणूस बसवायचा. तो सगळ्यांच्या वतीनं बाहेर विचारेल आणि एकदा आणलेलं पान जवळ ठेवून घेईल, म्हणजे दुसऱ्यानं तेच मागितलं की पुन्हा बाहेर जायला नको. १९९६ मध्ये याच कामाचा 'स्क्विड' नावाचा मोफत प्रोग्राम आला. भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सुरू केलं होतं, आणि ते मुंगीच्या चालीचं होतं. साठवून ठेवणारा प्रॉक्सी कॉलेजांना वरदानच वाटला. आयआयटी मुंबईच्या वसतिगृहांतल्या एका पिढीनं 'नेटमोन' नावाच्या प्रॉक्सीला स्वतःचं नाव आणि पासवर्ड सांगूनच बाहेरचं जग बघितलं. काय बघायचं नाही, हेही तोच ठरवत असे.

आता एका प्रॉक्सीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण या सभागृहातल्या अर्ध्या लोकांनी तो वापरलेला आहे आणि तो प्रॉक्सी होता हे फार थोड्यांना ठाऊक असेल. ऑपेरा मिनी. २००६ मध्ये जगभर आलेला हा ब्राउझर साध्या बटणांच्या फोनवर चालायचा. फोनमध्ये ताकद नव्हती, टू-जीचा वेग नव्हता आणि डेटा पैशापैशानं मोजला जायचा. म्हणून ऑपेरानं युक्ती केली. तुम्ही मागितलेलं पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर उघडायचं, तिथं दाबून बारीक व्हायचं, आणि मग तुमच्या फोनवर उतरायचं.

मराठी माणसाची अडचण याहून वेगळी होती. त्या फोनमध्ये देवनागरी अक्षरंच नसत. मराठी बातमी उघडली की चौकोन दिसायचे, रांगेनं चौकोन. मग कुणीतरी कुणाला तरी सांगितलं आणि ते फोनाफोनी पसरलं: पत्त्याच्या जागी 'ऑपेरा', मग दोन टिंबं, मग 'कॉन्फिग' असं टाकायचं, आणि जे पान येईल त्यात गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी बिटमॅप अक्षरं वापरण्याचा पर्याय चालू करायचा. चौकोन गेले, मराठी दिसायला लागली. सर्व्हर ती अक्षरं स्वतः काढून त्यांची चित्रं पाठवत होता. गुळगुळीत नव्हती, मोठी करून बघता येत नव्हती, पण शेतात बसून मराठी पेपर वाचता येत होता. मराठीच्या डिजिटल इतिहासात या सोयीची नोंद कुणी करेल की नाही माहीत नाही. करायला हवी.

पण अक्षरांची चित्रं काढायची तर पान वाचावं लागतं. फोनपासून ऑपेरापर्यंतची वाट कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक, होती, ऑपेरापासून बँकेपर्यंतचीही होती, पण मधे, सर्व्हरवर, कुलूप उघडत होतं. कंपनीनं हे लपवलं नव्हतं. आमच्यावर विश्वास नसेल तर गोपनीय माहिती यातून टाकू नका, असं तिनं स्वतःच लिहून ठेवलं होतं. कोण वाचतो? त्याच सुमारास यूसी ब्राउझरही असाच घरोघरी पोचला. २०१५ मध्ये टोरांटोच्या सिटिझन लॅबनं दाखवून दिलं की हा ब्राउझर वापरणाऱ्याचं ठिकाण आणि त्यानं शोधलेले शब्द पुरेशा संरक्षणाशिवाय बाहेर पाठवतो. २९ जून २०२० ला भारत सरकारनं बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये तोही होता. गूगलच्या क्रोममध्येही डेटा वाचवणारा असाच प्रॉक्सी होता. डेटा स्वस्त झाला म्हणून कंपनीनं तो २०२२ मध्ये बंद केला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर आपल्याकडे ही गरज संपल्यातच जमा होती.

ऑपेरा मिनी निदान तुम्ही स्वतः निवडलेला मधला होता. दुसरा प्रकार न विचारता येऊन बसतो. त्याला पारदर्शक प्रॉक्सी म्हणतात, कारण तो असल्याचं तुम्हाला दिसत नाही. फोनमध्ये काही सेटिंग करावं लागत नाही. इंटरनेट देणारी कंपनी, कॉलेज किंवा स्टेशनावरचं मोफत वायफाय तुमची वाहतूक परस्पर त्याच्याकडून नेतं. २०१५ मध्ये बेंगळुरूच्या एका प्रोग्रामरला आपल्याच संकेतस्थळाच्या पानात एक परका तुकडा दिसला, जो त्यानं लिहिलेला नव्हता. तो एअरटेलच्या थ्रीजी जोडणीवर मधेच घुसवला जात होता. त्यानं हे जाहीर केलं, तर तो तुकडा बनवणाऱ्या इस्रायली कंपनीनं त्यालाच कायदेशीर नोटीस पाठवली.

हे शक्य झालं, कारण त्याचं पान कुलूपबंद नव्हतं. इथं एक मोठा बदल सांगायला हवा. पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असतं तेव्हा तुमचा ब्राउझर आणि ते संकेतस्थळ यांच्यातला मजकूर सांकेतिक होतो. मधल्याला तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात एवढं कळू शकतं, पण तिथं काय वाचलंत, काय लिहिलंत हे कळत नाही. २०१३ मध्ये अमेरिकी सरकारची पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनच्या कागदपत्रांनी जगाला हादरा दिला. २०१५ च्या अखेरीपासून 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था असं कुलूप फुकट देऊ लागली, आणि जुलै २०१८ पासून क्रोम बिनकुलपाच्या पानावर 'सुरक्षित नाही' असा शेरा मारू लागला. आज तुम्ही उघडता त्यातली बहुतेक पानं कुलूपबंद आहेत. म्हणून पंधरा वर्षांपूर्वीचे सुरक्षिततेचे सल्ले आज तसेच्या तसे लागू पडत नाहीत, आणि तरी ते फिरत राहतात.

कुलपामुळे प्रॉक्सीचे दोन वर्ग पडले, आणि माझ्या मते खरा भेद हाच आहे. बाकीची नावं विक्रेत्यांना सोयीची. पहिला वर्ग कुलूप न उघडता गठ्ठा पुढं सरकवतो. वेबचा साधा प्रॉक्सी 'कनेक्ट' नावाची आज्ञा मिळाली की असंच करतो. सॉक्स नावाचा प्रकार, ज्याची पाचवी आवृत्ती १९९६ ची आहे, तोही असाच. त्याला पान आहे की फाइल, याच्याशी देणंघेणं नसतं. दुसरा वर्ग कुलूप स्वतःजवळ उघडतो, वाचतो, आणि स्वतःचं कुलूप लावून पुढं पाठवतो. मोठ्या कचेऱ्यांमध्ये हे उघडपणे चालतं. तिथल्या संगणकात संस्थेचं एक प्रमाणपत्र, म्हणजे तिच्या कुलपावर विश्वास ठेवण्याची परवानगी, आधीच बसवलेलं असतं, त्यामुळे ब्राउझर तक्रार करत नाही. जुलै २०१९ मध्ये कझाकस्तान सरकारनं हाच प्रयोग अख्ख्या देशावर केला. नागरिकांनी सरकारी प्रमाणपत्र फोनमध्ये बसवावं, असा फतवा निघाला. ऑगस्टमध्ये गूगल, मोझिला आणि अ‍ॅपल यांनी आपापल्या ब्राउझरमध्ये ते प्रमाणपत्रच नाकारलं.

वेब प्रॉक्सी म्हणून जे संकेतस्थळ असतं ते या दुसऱ्या वर्गातलं. सायबर कॅफेच्या काळातल्या पोरांना आठवेल. एक पान, त्यावर एक रिकामी चौकट, त्यात बंदी असलेल्या संकेतस्थळाचा पत्ता टाकायचा, 'गो' दाबायचं. कॉलेजच्या लॅबमध्ये ऑर्कुट बंद, मग ही युक्ती. फुकट, काही बसवायला नको. पण तुमचा ब्राउझर बोलतो ते त्या प्रॉक्सीच्या पानाशी. ऑर्कुटचा पासवर्ड त्याच्या सर्व्हरवर उघडा पडतो, मग तिथून ऑर्कुटला जातो. पत्त्याशेजारचं कुलूपही त्याचंच असतं. अशा पानातून बातमी वाचायची असेल तर वाचा. लॉगिन कधीही करू नका, मग ते बँकेचं असो, मेलचं असो की परीक्षेचा अर्ज भरायचं असो. यात मला मधला मार्ग दिसत नाही.

बंदी चुकवण्याला मी सरसकट वाईट म्हणणार नाही, आणि उमरीत उभं राहून तर नाहीच म्हणणार. निजाम सरकारनं आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' पत्रावर बंदी घातली तेव्हा अंक थांबला नाही. नाव बदलून निघाला. त्या नावावर बंदी आली की आणखी एका नावानं निघाला. बंद केलेलं संकेतस्थळ दुसऱ्या पत्त्यावर उगवतं, तीच रीत. डिसेंबर २०१४ मध्ये आपल्या सरकारनं ३२ संकेतस्थळं अडवली, त्यात प्रोग्रामरांचं गिटहब होतं आणि जुनी पुस्तकं जपणारं इंटरनेट अर्काइव्हही होतं. पुढं ही दोन्ही मोकळी झाली. पण त्या दिवसांत प्रॉक्सीतून गिटहब उघडणाऱ्या अभियंत्याला मी गुन्हेगार म्हणू शकत नाही. प्रश्न त्यानं कुठला मधला निवडला, हा आहे.

आता ज्या प्रकाराची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, तिकडं येतो. त्याला रेसिडेन्शियल प्रॉक्सी म्हणतात. संकेतस्थळं हुशार झाली आहेत. एखाद्या भाड्याच्या सर्व्हरवरून हजार मागण्या आल्या की ती ओळखतात आणि दार लावून घेतात. विकिपीडियासुद्धा, आपला मराठी विकिपीडिया धरून, उघड्या प्रॉक्सीवरून लेखात बदल करू देत नाही. मग ज्याला ओळख लपवायची आहे त्याला कुणाच्या तरी घराचा पत्ता हवा असतो. खरं घर, खरं कुटुंब, खरी जोडणी. असे पत्ते भाड्यानं देण्याचा जागतिक धंदा आहे. आणि ते पत्ते येतात कुठून? पुष्कळदा फुकटच्या अ‍ॅपमधून. २०१५ मध्ये 'होला' या लोकप्रिय मोफत सेवेचं उघड झालं. ती फुकट वापरणाऱ्यांची जोडणी कंपनी दुसऱ्या नावानं पैसे घेऊन परक्यांना वापरायला देत होती. तुम्ही दुसऱ्याच्या पत्त्याआड लपत होता, आणि तिसराच कुणी तुमच्या पत्त्याआड.

मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानं '९११ एस५' नावाचं जाळं मोडलं. त्यात १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते होते, जवळजवळ २०० देशांतले. मास्क व्हीपीएन, ड्यू व्हीपीएन, शाइन व्हीपीएन अशा नावांची फुकट अ‍ॅप संगणकात उतरवणाऱ्यांचे संगणक या जाळ्यात ओढले गेले होते. सुरक्षेसाठी म्हणून बसवलेल्या अ‍ॅपनंच दार उघडं ठेवलं होतं. त्या पत्त्यांआडून फसवणूक होत होती, करोनाकाळातली मदत लुबाडली जात होती. तपास करणाऱ्याला गुन्ह्याच्या जागी सापडतो तो पत्ता, आणि पत्ता सांगतो तुमचं घर.

हे फार लांबचं वाटत असेल तर लातूरकडे बघा. जून २०१७ मध्ये दहशतवादविरोधी पथक आणि पोलिसांनी लातूर जिल्ह्यात बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज उघडकीस आणलं. परदेशातला कॉल इंटरनेटवरून येतो, सिम बॉक्स नावाच्या पेटीत शिरतो आणि तिथल्या एका देशी सिमवरून साधा लोकल कॉल म्हणून बाहेर पडतो. तुमच्या फोनवर दिसतो भारतातला नंबर. तंत्र फोनचं, पण रचना हीच: खऱ्या बोलणाऱ्याचा पत्ता पुसायचा आणि आपल्या शेजारचा लावायचा.

व्हीपीएन हा शब्द आता तीनदा आला, त्याचा हिशेब करून टाकू. वेब प्रॉक्सी ब्राउझरच्या एका पानापुरता. व्हीपीएन फोनची सगळी वाहतूक एका सांकेतिक नळातून स्वतःच्या सर्व्हरवर नेतो, मग बाहेर सोडतो. स्टेशनावरच्या वायफायवाल्याला नळ दिसतो, आतलं दिसत नाही. सोय चांगली आहे. पण आतलं सगळं व्हीपीएनवाल्याच्या अंगणात उतरतं. फेसबुकनं २०१३ मध्ये 'ओनावो' नावाची इस्रायली कंपनी घेतली. तिचं व्हीपीएन अ‍ॅप 'प्रोटेक्ट' नावानं, तुमचं रक्षण करतो म्हणून, फुकट वाटलं जायचं. लोक कोणकोणती अ‍ॅप किती वापरतात ते फेसबुक त्यातून बघत होतं. २०१८ मध्ये अ‍ॅपलनं ते आपल्या दुकानातून काढायला लावलं. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानं फेसबुकची मालक असलेल्या मेटाच्या दोन कंपन्यांना याबद्दल मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

आपल्याकडे व्हीपीएन वापरणं गुन्हा नाही. मात्र २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनं आदेश काढला: व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, त्याला दिलेला आयपी पत्ता ही माहिती पाच वर्षं ठेवावी. एक्स्प्रेस, नॉर्ड, सर्फशार्क या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर उचलले आणि परदेशातून सेवा चालू ठेवली. गुन्ह्याच्या तपासाला माहिती हवी, हे मला पटतं. पण ज्या माणसानं नोंद राहू नये म्हणूनच पैसे मोजले त्याचीच नोंद पाच वर्षं ठेवायची, आणि चोर मात्र फुकट अ‍ॅप वापरणाऱ्यांच्या घरांआड मोकळा, हा व्यवहार मला तोट्याचा वाटतो.

एकाच मधल्यावर सगळा भार टाकायचा नसेल, तर माहिती वाटून टाकण्याची कल्पना निघाली. टॉर नावाचं जाळं तीन मधल्यांवरून नेतं. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, शेवटच्याला तुम्ही कुठं चाललात ते कळतं, दोन्ही गोष्टी एकालाच कळत नाहीत. याचं मूळ अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतलं. शोधपत्रकाराला, छळ होणाऱ्या कार्यकर्त्याला हे मोलाचं आहे. मात्र यातही शेवटचा मधला कुलूप नसलेलं सगळं वाचू शकतो. २००७ मध्ये डॅन एगरस्टाड या स्वीडिश तरुणानं असे शेवटचे काही थांबे स्वतः चालवले. त्यातून त्याला अनेक देशांच्या वकिलातींच्या मेलचे पासवर्ड मिळाले, आणि त्यानं ते जाहीर केले. त्यात भारतीय वकिलातीही होत्या. टॉर वापरणाऱ्यांना वाटलं, टॉर आहे म्हणजे कुलूप आहे. अ‍ॅपलनं २०२१ मध्ये प्रायव्हेट रिले आणलं, त्यात दोनच थांबे आहेत, पण तत्त्व हेच.

राहिला रिव्हर्स प्रॉक्सी. तो तुमच्या बाजूला बसत नाही, संकेतस्थळाच्या दारात बसतो. गर्दी आवरतो, हल्ले झेलतो, खरा सर्व्हर लपवतो. क्लाउडफ्लेअर आणि अकामाई या कंपन्यांचं हे काम, आणि तुम्ही रोज उघडता त्या पुष्कळ संकेतस्थळांपुढं त्या उभ्या असतात. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअरच्या एका चुकीच्या नियमामुळे जगभरची असंख्य संकेतस्थळं सुमारे अर्धा तास बंद पडली होती. तुम्ही हा मधला निवडत नाही, त्याला नाकारूही शकत नाही, म्हणून त्यावर अधिक वेळ घेत नाही.

मग उमरीतल्या माणसानं करायचं काय? स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या मोबाइल डेटावर बँकेचं अ‍ॅप उघडणार असाल तर कुठल्याही प्रॉक्सीची गरज नाही. ते आधीच कुलूपबंद आहे, आणि मधे आणखी एक माणूस बसवून ते जास्त कुलूपबंद होत नाही. मोफत वायफायवर पैशाचे व्यवहार टाळा, डेटा आता तितका महाग राहिलेला नाही. सेवा केंद्रातल्या संगणकावर पासवर्ड टाकणार असाल तर जगातला कुठलाही प्रॉक्सी उपयोगाचा नाही, कारण धोका वाटेत नसून त्या कळफलकातच असू शकतो. तिथं ओटीपीचं काम स्वतःच्या फोनवर ठेवा आणि उठताना लॉगआउट करा. व्हीपीएन खरंच हवं असेल, म्हणजे तुम्ही बाहेरगावी फिरता, परक्या वायफायवर काम करता, तर पैसे देऊन घ्या, आणि त्या कंपनीचा धंदा कशावर चालतो ते आधी शोधा. फुकट देणाऱ्याला पैसे कुठून मिळतात याचं उत्तर सापडलं नाही, तर त्याचं अ‍ॅप फोनमध्ये ठेवू नका.

आता सगळ्यांनी फोन बाहेर काढले तरी चालेल. व्याख्यानात मी एरवी हे सांगत नाही. सेटिंगमध्ये नेटवर्कच्या भागात व्हीपीएन असं लिहिलेलं सापडेल, तिथं एखादं नाव दिसतंय का बघा. मग घरच्या वायफायच्या तपशिलात 'प्रॉक्सी' अशी ओळ असते, तिथं 'नाही' असायला हवं. तिसरी जागा सुरक्षिततेच्या भागात, विश्वासार्ह प्रमाणपत्रांची. तिथं कंपनीनं बसवलेली एक लांब यादी असते, ती तशीच राहू द्या, पण वापरकर्त्यानं बसवलेली म्हणून वेगळी यादी असते ती बहुतेकांची रिकामी असते. ऑफिसनं दिलेला फोन असेल तर तिथं ऑफिसचं नाव दिसेल, ते ठीक. घरच्या फोनवर कुठलंही नाव दिसलं आणि ते कुणी बसवलं हे घरात कुणालाच सांगता येत नसेल, तर ते काढा, बँकेचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, आणि ज्या अ‍ॅपनं ते बसवलं असेल तेही जाऊ द्या. ज्यांना आत्ताच असं एखादं नाव दिसतंय त्यांनी पुढं या. बाकीच्यांचे प्रश्न आपण त्यांच्यानंतर घेऊ.